छपरावर सोलर बसवण्याआधी मीटर वाचा

पूर्वी मिस्सा आटोपून बाहेर पडताना लोक आम्हांला विचारीत, "फादर, यंदा बियाणे कुठले घालावे?" हल्ली विचारतात, "फादर, सोलर किती किलोवॅटचे बसवू?" आम्ही काही विजेचे इंजिनिअर नव्हे. पण या प्रश्नात लाखभर रुपये गुंतलेले असतात आणि बहुतेक घरांत ते कर्जाऊ असतात. शिवाय चुकीच्या आकाराचा संच एकदा छपरावर चढला की तो पंचवीस वर्षे तेथेच राहतो. म्हणून या महिन्याचे शेतीचे पान आम्ही या एकाच विषयाला दिले आहे.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. किती किलोवॅट हे आम्हांला विचारू नका, शेजाऱ्याला विचारू नका, आणि विकणाऱ्याला तर सर्वांत शेवटी विचारा. आधी आपल्या घराच्या मीटरला विचारा.

केंद्र सरकारची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ती आखलेली आहे. घरावरील संचासाठी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये असे अनुदान मिळते. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० रुपये. त्याहून मोठा संच घेतला तरी अनुदान तेवढेच. ७८,००० हा आकडा लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की ज्याला त्याला तीनच किलोवॅट हवे असते. "सरकार देतेय तर सोडायचे कशाला?" असे एकाने आम्हांला विचारले. सरकार देते हे खरे, पण उरलेले लाख-सव्वालाख आपल्यालाच भरावे लागतात. शिवाय अनुदान संच चालू झाल्यानंतर खात्यात येते, तोवर सगळी रक्कम आपणच उभी करायची असते.

आता मीटरकडे वळू. महिन्याचे बिल आपल्याला एकच गोष्ट सांगते, वीज किती वापरली. १८० युनिट, २१० युनिट, एवढेच. ती केव्हा वापरली हे बिल सांगत नाही, आणि सोलरच्या हिशेबात खरी गोम तेथेच आहे. सूर्य सकाळी आठ-साडेआठनंतर कामाला लागतो आणि पाच वाजता पाट्या टाकतो. आपण शेतकरी माणसे नेमकी त्याच वेळेला घराबाहेर असतो. आपली वीज जळते ती पहाटे आणि दिवेलागणीनंतर.

नवा स्मार्ट मीटर ही "केव्हा" सांगतो. तो दर अर्ध्या तासाला किती वीज गेली याची नोंद ठेवतो, म्हणजे दिवसाच्या ४८ नोंदी. वीज कंपनीच्या मोबाईल ॲपवर आपला ग्राहक क्रमांक घालून त्या पाहता येतात. काही ठिकाणी अर्ध्या तासाचे आकडे दिसतात, काही ठिकाणी तासाचे. आमच्या धर्मग्रामातील जी कुटुंबे चंदगड बाजूला राहतात त्यांच्यापैकी काहींकडे हे मीटर आले आहेत. बेळगाव-खानापूर बाजूला बहुतेकांचे मीटर जुनेच आहेत, नवी जोडणी घेणाऱ्यांना मात्र स्मार्ट मीटर मिळतो. जुना मीटर असणाऱ्यांनी हे पान उलटू नये, त्यांच्यासाठी पुढे उपाय सांगितला आहे.

आता आमचीच फजिती सांगतो. गेल्या वर्षी धर्मगुरुनिवासाच्या नव्या खोल्यांसाठी नवी जोडणी घेतली आणि आमच्याकडे स्मार्ट मीटर आला. बिल दोनशे युनिटांच्या पुढे जाऊ लागले, तेव्हा आम्हीही दोन किलोवॅटचा संच बसवायच्या विचारात होतो. दुकानदार येऊन छप्पर मोजूनही गेला. त्या रात्री सहज म्हणून आम्ही ॲप उघडले. मध्यरात्री दोन वाजता, जेव्हा निवासात सगळे झोपलेले असतात, तेव्हा प्रत्येक अर्ध्या तासाला ०.२ युनिट जात होते. अर्ध्या तासाचा आकडा दुप्पट करून हजाराने गुणला की वॅट मिळतात. ०.२ म्हणजे ४०० वॅट. फ्रीज धरला तरी शंभर. मग उरलेले तीनशे वॅट कोण खातो? आम्ही कंदील घेऊन नव्हे, पण टॉर्च घेऊन सगळीकडे फिरलो. काही सापडेना. शेवटी स्वयंपाकीणबाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवले. दोन वर्षांपूर्वी आवारातले नारळ चोरीला गेले, तेव्हा आम्हीच दीडशे वॅटचे दोन हॅलोजन दिवे लावले होते. ते संध्याकाळी सातला लागत आणि सकाळी सहाला विझत. रोजचे तीन युनिटांहून अधिक, महिन्याचे शंभर! त्या जागी वीस-वीस वॅटचे दोन एलईडी दिवे लावले. महिन्याला ८५ युनिट वाचले. एक किलोवॅटचा संच आपल्याकडे सरासरीने महिन्याला १२० युनिट देतो. म्हणजे जवळजवळ पाऊण किलोवॅटचे पॅनेल आम्ही नारळाच्या चोरासाठी विकत घेणार होतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की रात्री दोन ते चारचे आकडे पाहावेत. त्या वेळी घर झोपलेले असते, आणि जे जाते ते घराचे न दिसणारे भाडे असते. एक बरा फ्रीज आणि दोन-तीन पंखे असलेल्या घरात अर्ध्या तासाला ०.१५ ते ०.२ युनिट जाणे समजण्यासारखे आहे. पंखे बंद असलेल्या थंडीच्या दिवसांतही तेवढेच जात असेल तर काहीतरी चालू राहिले आहे. दाराचे रबर गेलेला फ्रीज, रात्रभर लखलखणारा गोठ्यातला जुना बल्ब, फूटव्हॉल्व्ह गळका असल्यामुळे पुन्हा पुन्हा सुरू होणारा पंप, असे कोणी ना कोणी सापडते. ते आधी दुरुस्त करावे. त्याला छपराचा आणि बँकेचा काही संबंध लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसाचे चार तुकडे पाडावेत. आमच्या ओळखीच्या एका सहा माणसांच्या घराचे आकडे त्यांच्या परवानगीने देतो. महिन्याचा वापर १८० युनिट, म्हणजे दिवसाला ६. रात्री दहा ते पहाटे पाच १.४ युनिट. पहाटे पाच ते आठ २ युनिट, कारण गीझर, मिक्सर आणि विहिरीवरून टाकीत पाणी चढवणारा एक अश्वशक्तीचा पंप हे सगळे त्याच घाईत चालतात. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच फक्त १ युनिट. पाच ते दहा १.६ युनिट. या घराला तीन किलोवॅटचा संच सुचवला गेला होता. तीन किलोवॅट सरासरीने दिवसाला १२ युनिट देईल. ऊन असताना घर खाते एक, उरलेले ११ तारेवर जातात.

तारेवर गेलेली वीज वाया जात नाही, हे खरे. नेट मीटर पद्धतीत दिवसा दिलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटांतून वजा होतात. पण ही वजाबाकी आपल्या वापरापुरतीच उपयोगाची असते. त्यावर जे शिल्लक राहते त्याला मिळणारा दर आपण विकत घेतो त्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो. भात विकायचे आणि तांदूळ विकत आणायचा, तसा हा व्यवहार आहे.

त्या घराने काय केले? पंप दुपारी बाराला लावू लागले. घरच्या कार्ट्यांना शाळा असल्याने हे काम आजीकडे गेले आणि तिने ते चोख केले. गीझर बंद करून पुन्हा परसातला तांब्याचा बंब पेटवला. काजूच्या आणि नारळाच्या वाळक्या फांद्यांना तेवढीच वाट झाली. रोजचा वापर ६ वरून ४.८ युनिटांवर आला, महिन्याला सुमारे १४५. आता एक किलोवॅटचे १२० युनिट आणि थोडी विकतची वीज एवढ्यात भागते. तीन किलोवॅट घेतले असते तर महिन्याला दोनशेहून जास्त युनिट स्वस्तात विकत बसले असते आणि हप्ते भरले असते.

मोठा संच नेहमीच चूक, असे आमचे म्हणणे नाही. गॅस महाग म्हणून कोणी दुपारचा स्वयंपाक विजेच्या शेगडीवर करणार असेल, विजेची स्कूटर घ्यायचे ठरले असेल आणि ती दुपारी घरी उभी राहणार असेल, घरगुती गिरणीवर शेजाऱ्यांचेही दळण करायचे असेल, तर दोन किंवा तीन किलोवॅट शोभतात. मात्र ते घराच्या पुढल्या दोन-तीन वर्षांच्या बेताकडे पाहून ठरवावे, अनुदानाकडे पाहून नव्हे.

महिन्यांचाही विचार हवा. दिवसाला किलोवॅटमागे ४ युनिट ही वर्षाची सरासरी आहे. मार्च-एप्रिलमध्ये यापेक्षा जास्त मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरच्या पश्चिमेकडील जंगलपट्टीत किंवा चंदगडच्या घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा उत्पादन निम्म्यावर येते, काही दिवशी त्याहूनही खाली. बेळगावच्या पूर्वेकडील गावांत ही घट कमी. म्हणून एका महिन्याचे आकडे पाहून हिशेब करू नये. मे, ऑगस्ट आणि डिसेंबर असे तीन महिने घ्यावेत. डिसेंबर यासाठी, की नाताळात गोव्यातली आणि आखातातली मुले घरी येतात, तारे-दिवे लागतात आणि वापर एकदम वर जातो. त्या पंधरवड्याचा आकडा धरून संच ठरवला तर उरलेले अकरा महिने तो जास्तच ठरेल.

ज्यांचा मीटर जुना आहे त्यांनी एक शाळेची वही घ्यावी. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला मीटरवरचा युनिटचा आकडा वहीत उतरवावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर आकडे आळीपाळीने फिरतात; ज्याच्यापुढे केडब्ल्यूएच असे दिसते तो घ्यावा. पाचच्या आकड्यातून आठचा वजा केला की उन्हातला वापर, दुसऱ्या दिवशीच्या आठच्या आकड्यातून आदल्या पाचचा वजा केला की बिनउन्हाचा वापर. दोन आठवडे पुरे, पण त्यात दोन रविवार येऊ द्यावेत, कारण रविवारी घराची चाल वेगळी असते. सातवीतला मुलगा हे काम हौसेने करतो. आमच्या मते स्मार्ट मीटरच्या चित्रांपेक्षा ही वही जास्त शिकवते, कारण आकडा लिहिताना माणूस विचार करतो.

कर्नाटकातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. २०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत दोनशे युनिटांच्या आत ठरलेल्या मर्यादेपर्यंत ज्यांचे बिल शून्य येते, त्यांनी कर्ज काढून सोलर बसवायची घाई मुळीच करू नये. जे बिल येतच नाही त्यातून वाचणार काय?

चंदगडकडील वाचकांचे गणित निराळे आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतील वापरावर दरात सवलत आहे. याचे मूळ केंद्राच्या जून २०२३ च्या नियमांत आहे. त्यांनी सांगितले की उन्हाच्या तासांत वीज नेहमीच्या दराहून स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग असावी, शेतीची जोडणी त्यातून वगळावी. तेव्हा पंप, गिरणी, इस्त्री दुपारवर नेली तर पॅनेल न बसवताही थोडे पैसे वाचतात. पण दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. दुपारची वीज स्वस्त होत गेली तर छपरावर दुपारी पिकणाऱ्या युनिटाचे मोलही तेवढेच उतरते. विकणाऱ्याने "एवढ्या वर्षांत पैसे फिटतील" असा कागद दिला, तर त्यात युनिटचा दर कोणत्या वेळेचा धरला आहे हे जरूर विचारावे.

शेतपंपाचा विषय येथे मिसळू नये. ती जोडणी वेगळी, तिचा दर वेगळा आणि तिच्या सौरपंपासाठीची २०१९ ची कुसुम योजनाही वेगळी. घराच्या संचावर शेतातला पाच अश्वशक्तीचा पंप चालेल अशा भ्रमात एकजण होता, म्हणून लिहिले.

आणखी एक भ्रम याहून महाग पडतो. गेल्या पावसाळ्यात एका मावशींनी आम्हांला रस्त्यातच थांबवले. "फादर, लाईट गेली की हे सोलर बी बंद पडतंय की हो! मग एवढे पैसे घातले कशाला?" त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तारेला जोडलेला साधा संच वीज गेल्याबरोबर स्वतः बंद होतो. तो तसा बनवलेलाच असतो. नाही तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छपरावरची वीज मागून लागायची. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीचा वेगळ्या जातीचा संच लागतो आणि त्याचा खर्च बराच वाढतो. येथेही मीटर मदत करतो. वीज नसलेल्या तासांच्या नोंदी पाहिल्या की आपल्याकडे ती खरोखर किती वेळ जाते हे कळते. दिवसाला अर्धा-पाऊण तास जात असेल तर घरातला जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरे आहे.

छपराविषयी थोडक्यात. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. हल्लीचे एक पॅनेल साधारण सव्वादोन मीटर लांब, एक मीटरहून थोडे जास्त रुंद आणि पंचवीस-तीस किलो वजनाचे असते. मंगळुरी कौलांच्या घरावर ते चढवायचे तर वासे आणि रीपा आधी सुताराला दाखवाव्यात. तोंड दक्षिणेला, आणि फणसाची किंवा नारळाची सावली सकाळी नऊ ते तीन या वेळेत पडता कामा नये. एका पॅनेलवर सावली पडली की सोबत जोडलेल्या इतरांचेही उत्पादन घटते. फणस तोडावा की पॅनेल गोठ्यावर न्यावीत, हा वाद एका घरात सहा महिने चालला. शेवटी फणस जिंकला आणि आम्हांला त्याचे बरे वाटले.

मंजूर भाराकडेही पाहावे. बिलावर तो किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो. मोठ्या संचासाठी तो वाढवून घ्यावा लागला, आणि जेथे किलोवॅटमागे स्थिर आकार घेतात तेथे दरमहाचे बिलही तेवढे वाढते.

संच बसल्यावर मीटर बदलतो. नव्या मीटरवर आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज दिसते, पण छपरावर पिकून घरातच खपलेली वीज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो आकडा इन्व्हर्टरवर पाहावा लागतो. इन्व्हर्टरच्या आकड्यातून बाहेर गेलेले वजा करा आणि आत आलेले मिळवा, म्हणजे घराचा खरा वापर निघतो. म्हणूनच संच बसवण्याआधीचे वर्षाचे आकडे उतरवून ठेवणे शहाणपणाचे. मागून ते तसे सरळ मिळत नाहीत.

आणि हे आकडे दुकानदाराला द्यायचे ते वहीत उतरवून द्यावेत. ॲपचा पासवर्ड किंवा फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. अर्ध्या तासाच्या नोंदी वाचणाऱ्याला घर कोणत्या वेळी रिकामे असते हेही वाचता येते.

पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसू. ज्यांना हिशेब मांडून हवा असेल त्यांनी दोन आठवड्यांची वही, गेल्या वर्षाची बिले आणि दुकानदाराने दिलेला कागद घेऊन यावे. मोबाईलवर आकडे दाखवणाऱ्यांनी तो चार्ज करून आणावा, व्हरांड्यात एकच प्लग आहे.